फोटो एका पानाचा, बंदी अख्ख्या पुस्तकावर

अमेरिकेतल्या शाळा मंडळांच्या बैठकांचे व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असतील. एक पालक माईकसमोर उभा राहतो, शाळेच्या ग्रंथालयातल्या एखाद्या पुस्तकातला परिच्छेद मोठ्याने वाचतो. सभागृहात चुळबुळ सुरू होते. अध्यक्ष त्याला मध्येच थांबवतात. मग तो विचारतो, "जे तुम्हाला इथे ऐकवत नाही, ते माझ्या मुलाच्या हातात कसं देता?" टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत कधी हिजाब घातलेल्या अम्मी दिसतात, टोपी घातलेले अब्बा दिसतात. आणि तो व्हिडिओ आपल्याकडे पोहोचतो तेव्हा त्याखाली शेरा असतो: माशाल्लाह, असे पालक हवेत.

मला त्या पालकांची चेष्टा करायची नाही. मुलांच्या नजरेला काय पडतं याची काळजी खरी आहे, आणि ज्याच्या घरात मोबाईल आहे त्या प्रत्येकाला ती आहे. माझा झगडा त्या काळजीशी नाही. तिच्या आडून गेल्या काही वर्षांत अमेरिकेच्या राज्याराज्यांत जे कायदे झाले, त्यांच्याशी आहे. आणि निदान आपण मुसलमानांनी तरी त्या कायद्यांसाठी टाळ्या वाजवू नयेत, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. एका पानाचा फोटो काढायचा आणि त्यावरून अख्खं पुस्तक गुन्हेगार ठरवायचं, ही पद्धत आपल्याला नवी नाही. ती आपल्या कुरआनवर वापरली गेली आहे, एकदा नाही, दोनदा, आणि तीही न्यायालयात.

मुलांचं संरक्षण करणारा कायदा आधीच होता

लहान मुलांना अश्लील साहित्य विकू द्यावं का, हा प्रश्न अमेरिकेत १९६८ सालीच निकालात निघाला. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका दुकानदाराने १६ वर्षांच्या मुलाला नग्न चित्रांची मासिकं विकली. त्याला दोषी ठरवण्यात आलं आणि 'जिन्सबर्ग विरुद्ध न्यूयॉर्क' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. जे प्रौढांना विकता येतं ते मुलांना विकायला राज्य मनाई करू शकतं, असं न्यायालयाने स्वच्छ सांगितलं. म्हणजे 'मुलांना वाऱ्यावर सोडलंय, म्हणून नवा कायदा हवा' हा प्रचार मुळातच खोटा आहे.

पाच वर्षांनी, १९७३ मध्ये, 'मिलर विरुद्ध कॅलिफोर्निया' या खटल्यात अश्लीलता ठरवायची कसोटी आली. तिच्यातला कळीचा भाग असा: पुस्तक सबंध विचारात घ्यायचं, आणि सबंध पाहिल्यावर त्याला काही गंभीर साहित्यिक, कलात्मक, राजकीय किंवा वैज्ञानिक मोल आहे का ते तपासायचं. एखाद्या पानावर काय आहे एवढ्यावर निकाल देता येत नाही. ते पान तिथे का आहे, हेही विचारावं लागतं.

नवे कायदे नेमका हा भाग गाळतात. आयोवा राज्याने २०२३ मध्ये कायदा केला की लैंगिक कृतीचं वर्णन किंवा चित्रण असलेलं कोणतंही पुस्तक शालेय ग्रंथालयात नको. पुस्तक कुणाचं, कशाबद्दल, वाचणारा सहा वर्षांचा की सतरा वर्षांचा, असा काही भेद नाही. युटा राज्याने २०२२ मध्ये असाच कायदा केला आणि २०२४ मध्ये तो आणखी आवळला. राज्यात ४१ शाळा-जिल्हे आहेत. त्यांपैकी फक्त तीन जिल्ह्यांनी पुस्तक त्या व्याख्येत बसतं असं ठरवून काढलं, की ते सगळ्या राज्याच्या सरकारी शाळांतून जातं. उरलेल्या अडतीस जिल्ह्यांतल्या पालकांना काय वाटतं, हे कुणी विचारत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये या नियमाखाली पहिली यादी आली, तेरा पुस्तकांची. तीत पंजाबी घरात जन्मलेल्या रूपी कौरचा 'मिल्क अँड हनी' हा कवितासंग्रहही होता. बाईच्या अंगावर झालेल्या अत्याचाराबद्दल आणि त्यातून सावरण्याबद्दल लिहिलेलं हे पुस्तक आहे.

कायदा उतरतो तेव्हा काय होतं

आयोवात मेसन सिटी नावाचं गाव आहे. कायदा आला तेव्हा तिथल्या शाळा प्रशासनापुढे प्रश्न पडला, एवढी पुस्तकं वाचणार कोण? त्यांनी ज्या पुस्तकांवर इतरत्र वारंवार आक्षेप येतात त्यांची यादी घेतली आणि चॅटजीपीटीला विचारलं, या पुस्तकात लैंगिक कृतीचं वर्णन आहे का? यंत्राने 'हो' म्हटलं ती पुस्तकं बाहेर. अशी १९ पुस्तकं गेली. दोन मिनिटं थांबून विचार करा. मुलांनी काय वाचावं हे मुलांच्या आईबापांनी ठरवावं, म्हणून हा कायदा आला होता. प्रत्यक्षात ते ठरवलं एका यंत्राने, आणि आईबाप सोडाच, पुस्तक कुणीच वाचलं नाही.

फ्लोरिडात २०२३ चा कायदा सांगतो की अशा कारणाने तक्रार आली की पाच दिवसांत पुस्तक कपाटातून काढा, चौकशी नंतर. तिथल्या एस्कांबिया जिल्ह्यात १६०० हून अधिक पुस्तकं तपासणीसाठी बाजूला काढली गेली. त्यांत विद्यार्थ्यांसाठीचे शब्दकोश होते. शब्दकोश! हे मूर्खपणाने झालं असं समजू नका. घाबरलेला माणूस असंच करतो. नियम मोघम असेल आणि शिक्षा कडक असेल, तर नोकरी सांभाळणारा माणूस धोका घेत नाही. तो सगळंच उचलून ठेवतो.

आयडाहोत जुलै २०२४ पासून 'मुलांना हानिकारक' साहित्याबद्दल लेखी तक्रार आली आणि ग्रंथालयाने साठ दिवसांत ते हलवलं नाही, तर पालक दावा लावू शकतात; भरपाई २५० डॉलर आणि झालेलं नुकसान वेगळं. डॉनेली या खेड्यातलं ग्रंथालय एवढंसं, की प्रौढांसाठी वेगळा कोपरा करायला जागाच नव्हती. त्यांनी अख्खं ग्रंथालय प्रौढांपुरतं करून टाकलं. मुलांना वाचवायला निघालेल्या कायद्याने गावातली मुलंच ग्रंथालयाबाहेर काढली. आर्कान्सा राज्याने तर २०२३ मध्ये ग्रंथपालाला तुरुंगात टाकता येईल असा कायदा केला. तो मात्र न्यायालयाने अमलात येण्याआधी रोखला आणि डिसेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवला.

'पेन अमेरिका' या लेखकांच्या संस्थेने २०२३-२४ या एका शालेय वर्षात पुस्तक काढल्याच्या दहा हजारांहून अधिक घटना मोजल्या. वेगवेगळी पुस्तकं मोजली तर ती चार हजारांच्या वर जातात. चार हजार अश्लील पुस्तकं अमेरिकेच्या शाळांनी विकत घेऊन कपाटात लावली होती, यावर तुमचा विश्वास बसतो का?

गेलं कोण?

मेसन सिटीच्या त्या १९ पुस्तकांपैकी तीन पाहा.

पहिलं, 'द काइट रनर'. लेखक खालिद हुसैनी, जन्म काबूलचा. काबूलच्या एका गल्लीत हसन या हजारा मुलावर बलात्कार होतो आणि त्याचा मित्र अमीर ते लपून पाहतो, गप्प राहतो. पुढचं सगळं पुस्तक त्या गप्प राहण्याच्या गुन्ह्याबद्दल आहे. अमेरिकेतल्या कित्येक मुलांनी मुसलमान माणूस घरातल्यासारखा पहिल्यांदा पाहिला तो याच पुस्तकात: नमाज पढणारा, पतंग उडवणारा, चुकणारा, पस्तावणारा.

दुसरं, पॅट्रिशिया मॅककॉर्मिकचं 'सोल्ड'. नेपाळच्या डोंगरातली तेरा वर्षांची लक्ष्मी कामाला म्हणून नेली जाते आणि कोलकात्याच्या कुंटणखान्यात विकली जाते. ही गोष्ट आपल्या देशातली आहे.

तिसरं, माया अँजेलोचं आत्मचरित्र. आठेक वर्षांची असताना आईच्या मित्राने तिच्यावर अत्याचार केला. त्यानंतर ती काही वर्षं जवळजवळ बोललीच नाही. मोठी झाल्यावर तिने ते लिहून काढलं.

या तिन्ही पुस्तकांत 'ते' पान आहे. ते वाचून कुणाला मजा वाटत असेल, तर दोष पुस्तकाचा नाही. ती पानं साक्ष देतात. पण 'लैंगिक कृतीचं वर्णन आहे का, हो की नाही' एवढंच विचारणाऱ्या कायद्याला साक्ष आणि चाळा यांतला फरक कळत नाही. दोन्ही एकाच पोत्यात जातात.

आता आपल्याकडे या. आपल्या मोहल्ल्यांत मुलामुलींवर अत्याचार होत नाहीत असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? नात्यातला माणूस, शिकवणीचा सर, शेजारी, कधी धर्म शिकवणारा. होतं सगळीकडे, हिंदूंच्या घरांत, ख्रिश्चनांच्या घरांत, आपल्याही. आणि सगळीकडे त्यावर एकच झाकण असतं, इज्जतीचं. मूल सांगत नाही, कारण त्याला भीती वाटते. पण आणखी एक कारण असतं: जे झालं त्याला काय म्हणायचं हेच त्याला ठाऊक नसतं. २०१२ चा पॉक्सो कायदा कागदावर कितीही कडक असला, तरी तो सुरू होतो मुलाच्या तोंडून निघालेल्या पहिल्या वाक्याने. ते वाक्य त्याला कुणी द्यायचं? घर देत नाही, शाळा लाजते. एखादं पुस्तक देतं, की हे तुझ्या एकट्याच्या बाबतीत झालेलं नाही, आणि चूक तुझी नाही. ते पुस्तक काढून घेणारा मुलाच्या बाजूचा नसतो, मग त्याचा हेतू कितीही पाक असो.

इथे कुणी हया, शरम यांचं नाव काढेल. हया आपल्या दीनचा भाग आहे, मान्य. पण हया म्हणजे अज्ञान असं आपल्या बुजुर्गांनी कधी मानलं नाही. मदिन्याच्या अन्सार बायकांचं हजरत आयेशांनी कौतुक केलं ते याचसाठी, की दीन समजून घेताना त्यांना लाज आडवी आली नाही. फिक्हच्या किताबांत हैज, गुस्ल, जनाबत यांचे अख्खे बाब असतात आणि ते वयात येणाऱ्या मुलामुलींना शिकवले जातात. मौलाना अशरफ अली थानवींचं 'बहिश्ती जेवर' कितीतरी घरांत मुलीला लग्नात दिलं जातं. आयोवाची पट्टी लावा आणि सांगा, त्यातले मसाइल टिकतील का?

ही कात्री आपल्या ओळखीची आहे

सूरह यूसुफ घ्या. कुरआन स्वतः तिला गोष्टींतली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणतो. तिच्यात बंद केलेले दरवाजे आहेत, मालकाच्या बायकोने एका तरुणाला घातलेली गळ आहे, मागून फाटलेला कुर्ता आहे. तेवढंच पान कापून, कुणी माईकसमोर उभं राहून, आवाज चढवून वाचलं तर? सबंध वाचणाऱ्याला माहीत असतं की ती गोष्ट पाकदामनीची आहे, सब्राची आहे, भावांना माफ करण्याची आहे. कापलेल्या पानाला ते सांगता येत नाही.

हे मी कल्पनेने म्हणत नाही. २९ मार्च १९८५ रोजी कलकत्ता उच्च न्यायालयात अर्ज आला, की कुरआनवर बंदी घाला. सोबत आयतींची यादी होती, इथून एक, तिथून एक, संदर्भ गाळून. न्यायमूर्ती बिमलचंद्र बसाक यांनी त्याच वर्षी मे महिन्यात तो फेटाळला. त्यांच्या निकालात एक मुद्दा असा होता, की इकडचे तिकडचे सुटे भाग उचलून, संदर्भ सोडून वाचले तर त्यावरून ग्रंथाबद्दल काही ठरवता येत नाही. पुढे २०२१ मध्ये वसीम रिझवी यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की २६ आयती काढून टाका. न्यायालयाने १२ एप्रिलला तो फेटाळला आणि ५० हजार रुपयांचा दंड ठोठावला.

त्या दोन्ही वेळी आपण काय म्हणत होतो, आठवा. "आयत तोडून वाचू नका. आगापीछा पाहा. कुठल्या प्रसंगात उतरली ते पाहा. पूर्ण ग्रंथ वाचा, मग बोला." बरोबरच म्हणत होतो. मग हीच मागणी खालिद हुसैनीच्या पुस्तकासाठी का नाही? माया अँजेलोसाठी का नाही? आपल्या ग्रंथासाठी 'सबंध वाचा' आणि दुसऱ्याच्या पुस्तकासाठी 'हे पान पाहा', असं दुटप्पी बोलणाऱ्याचं कुणी का ऐकावं?

'पण कुरआनला तर सवलत आहे'

काही हुशार दोस्त इथे अडवतील. ते सांगतील, आयोवात कुरआनला धक्का लागत नाही. खरं आहे. बायबल, तोरा, कुरआन यांसारखे धर्मग्रंथ सरकारी शाळांतून वगळू नयेत अशी तरतूद त्या राज्याच्या कायद्यात आहे, आणि नवा कायदा तिला धक्का लावत नाही. पण ही सवलत काय सांगते ते पाहा. ती कबुली आहे, की ही पट्टी लावली तर धर्मग्रंथही त्यात सापडले असते. जी पट्टी बायबलला लावायला त्यांना भीती वाटते, ती इतर पुस्तकांना लावणं न्याय कसं ठरतं?

युटात ती सवलत नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या डेव्हिस जिल्ह्यात एका पालकाने उपरोधाने तक्रार केली: तुमच्याच व्याख्येने बायबल काढा. सोबत वचनांची आठ पानी यादी. समितीने खरोखरच बायबल प्राथमिक आणि माध्यमिक शाळांतून काढलं. मग गहजब झाला, मोर्चा निघाला, आणि जून २०२३ मध्ये मंडळाने ते परत ठेवलं.

बायबल परत आलं, कारण त्याच्यामागे राज्यातली बहुसंख्या होती. 'द काइट रनर'मागे ती नसते. उद्या आपल्या ग्रंथावर वेळ आली तर आपल्यामागे ती असेल का? सवलत बहुसंख्यांच्या मर्जीवर चालते, आज आहे, उद्या काढता येते. अल्पसंख्य माणसाने सवलतीवर घर बांधू नये. त्याने नियम सरळ असावा, सर्वांना सारखा असावा, यासाठी भांडावं.

माझं मूल आणि दुसऱ्याचं मूल

'मग आईबापांनी तोंड बंद ठेवायचं का?' अजिबात नाही. इथे मेरीलँड राज्यातली मॉन्टगोमेरी काउंटी समजून घ्यायला हवी. तिथल्या शाळांनी २०२२-२३ मध्ये प्राथमिक वर्गांत समलिंगी आणि ट्रान्स पात्रं असलेली काही गोष्टींची पुस्तकं आणली. आधी पालकांना कळवलं जाई आणि त्यांना मुलाला त्या तासाला बाहेर बसवता येई. मार्च २०२३ मध्ये ती मुभा काढून घेतली. मुसलमान, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन पालक न्यायालयात गेले. २७ जून २०२५ रोजी 'महमूद विरुद्ध टेलर' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी पालकांच्या बाजूने कौल दिला: खटला चालू असेपर्यंत त्यांना आधी कळवा आणि मूल बाहेर बसवू द्या.

त्या पुस्तकांबद्दल तुमचं मत काहीही असो, त्या निकालाबद्दलही वाद घालता येईल. पण त्या पालकांची मागणी काय होती ते नीट पाहा. त्यांनी मागितलं, माझ्या मुलाला बाहेर बसू द्या. कुणाच्याही मुलाला देऊ नका, असं त्यांनी मागितलं नाही. पुस्तकं वर्गात राहिली. हा हक्क मी मानतो. आपलं मूल काय वाचतं हे पाहणं आईबापाचं कामच आहे. पण शेजाऱ्याचं मूल काय वाचेल हे ठरवायचा परवाना तुम्हाला कुणी दिला? आयोवा, युटाचे कायदे दुसऱ्या जातीचे आहेत. तिथे एका पालकाची नाराजी सगळ्यांच्या मुलांवर लादली जाते. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने २०२१-२२ या वर्षातल्या हजारभर तक्रारी तपासल्या, तेव्हा साठ टक्के तक्रारी अवघ्या अकरा जणांनी केल्याचं निघालं. अकरा माणसं! यालाच 'पालकांचा आवाज' म्हणायचं?

आणि आणखी एक लबाडी ओळखा. दोन आया असलेलं घर दाखवणारं चित्रपुस्तक कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. पण त्यात 'उघडं' असं काहीच नसतं. तरी तक्रारींच्या गठ्ठ्यात ते अश्लीलतेच्याच नावाखाली घुसवलं जातं. न पटणारं आणि अश्लील यांतली रेघ एकदा पुसली, की ती आपल्या मनासारखी परत ओढून मिळत नाही.

टाळ्यांमध्ये शेजारी कोण बसलंय?

ऑक्टोबर २०२२ मध्ये मिशिगनच्या डिअरबॉर्न शहरात, जिथे अरब आणि मुस्लिम वस्ती अमेरिकेत सर्वांत दाट म्हणतात, शाळेतल्या काही पुस्तकांवरून एवढी गर्दी झाली की मंडळाला बैठक थांबवावी लागली. त्या आठवड्यात कालपर्यंत मुसलमानांकडे संशयाने पाहणारे पुढारीही त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. आपल्याला वाटलं, चला, शेवटी मान मिळाला.

थोडं मागे जाऊ. सप्टेंबर २०१० मध्ये टेक्सासच्या शिक्षण मंडळाने ठराव केला, की पाठ्यपुस्तकांत इस्लामला झुकतं माप दिलं जातं, ते थांबवा. डिसेंबर २०१५ मध्ये व्हर्जिनियाच्या ऑगस्टा काउंटीत एका शिक्षिकेने जगातल्या धर्मांच्या धड्यात अरबी सुलेखनाचा नमुना म्हणून मुलांना कलमा चितारायला दिला. 'मुलांवर इस्लाम लादला जातोय' असा आरडाओरडा झाला. एवढे फोन, एवढे मेल आले की १८ डिसेंबरला सगळ्या काउंटीच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तिथेही एका पानाचाच फोटो फिरत होता. तिथेही 'आमच्या मुलांना वाचवा' हीच आरोळी होती.

तेव्हा ज्यांना कलम्याचं एक पान चाललं नाही, त्यांच्या हातात आज आपण कपाटाची किल्ली देतो आहोत. का, तर आजची यादी आपल्याला पसंत आहे म्हणून. यादी त्यांची आहे, दोस्तांनो. आपण फक्त सहीला गेलो आहोत.

हा नियम मराठीतही आहे

हे सगळं अमेरिकेचं म्हणून सोडून देऊ नका. पुस्तक सबंध पाहा हा नियम आपल्या देशातही मराठी लेखकाच्या खटल्यातून भक्कम झाला आहे. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' छापून आली. अश्लीलतेचा खटला झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६९ मध्ये काकोडकर सुटले. मुलांच्या हाती काय पडेल हा मुद्दा तिथेही होता. न्यायालयाने म्हटलं त्याचा आशय असा: नुसता लैंगिक विषयाचा उल्लेख आला म्हणून कादंबरी किशोरांना अयोग्य ठरवायची, तर त्यांना कुठलीच कादंबरी वाचता येणार नाही, निव्वळ धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील. आणि 'निव्वळ धार्मिक' पुस्तकंही या पट्टीत बसत नाहीत, हे युटाने पुढे दाखवून दिलं.

आपल्या राज्यातही ही भाषा अधूनमधून ऐकू येते. २००७ मध्ये आमदारांनी गोंधळ केला आणि महाराष्ट्राच्या शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद झालं. तेव्हाही 'संस्कृती' आणि 'मुलं' हेच दोन शब्द होते. पुढच्या वेळी तोच शब्द 'दीन' होऊन आपल्या वस्तीत मत मागायला येईल. तेव्हा तुमचं उत्तर तयार असू द्या.

काय मागायचं ते

मुलांना पोर्नोग्राफी विकणाऱ्याला, पाठवणाऱ्याला कडक शिक्षा मागा. ती मागणी रास्त आहे, आणि तो धंदा फोनवर चालतो, शाळेच्या कपाटात नाही. वयानुसार पुस्तकांची कपाटं वेगळी मागा. चांगला ग्रंथपाल ते न सांगताही करतो. आपल्या मुलाने अमुक पुस्तक घेऊ नये असं ग्रंथालयाला लेखी कळवायची सोय मागा. तक्रार करणाऱ्याने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं असावं, आणि निकाल देणाऱ्या समितीनेही, अशी अट मागा. चौकशी होईपर्यंत पुस्तक जागेवर राहावं, हेही मागा. एवढ्याने मुलं सुरक्षित होतात आणि कुणाच्या पुस्तकाचा गळा कापला जात नाही.

आणि पुढच्या वेळी असा व्हिडिओ तुमच्या गटात आला, तर फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे पुस्तक इथल्या कुणी वाचलंय का? ही मागणी स्वतःच्या मुलापुरती आहे की सगळ्यांच्या? आणि हीच पट्टी उद्या आपल्या घरातल्या किताबांना लावली, तर आपण काय म्हणू?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर १९८५ मध्ये आणि २०२१ मध्ये आपण सगळ्या देशाला दिलेलं आहे. तेच दुसऱ्यांच्या पुस्तकांसाठीही द्या.